पाच दिवसांची आंबील

व्यंकटीआबा फोनवर फार बोलत नसत. फोन कानाला लावायचा, समोरच्याचं ऐकून घ्यायचं, तीन-चार वाक्यांत उत्तर द्यायचं आणि बटण दाबायचं, एवढाच त्यांचा फोन. त्या दिवशी मात्र ते पाचवं वाक्य बोलले. पुढचं सगळं त्या पाचव्या वाक्यानं केलं.

फोन व्याह्यांचा होता. भुजंगराव गंगाखेडच्या पलीकडचे, लातूरच्या शिवेला लागून त्यांचं गाव. त्यांची लेक ज्ञानेश्वरी ही आबांची सून, परमेश्वरची बायको. भुजंगरावांनी सांगितलं की येळवस जवळ आलीय. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या भागात त्या दिवशी पहाटेच सगळा स्वयंपाक उरकतो आणि सगळं गाव टोपल्या डोक्यावर घेऊन रानात जातं. ज्या मातीनं वर्षभर खाऊ घातलं तिला आधी जेवू घालायचं, मग येईल त्याला, मग आपण बसायचं. दिवाळी त्यापुढं फिकी. तर या येळवशीला पोरीला माहेरी पाठवा, आणि आलीच आहे तर संक्रांत करूनच परत येईल.

म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. आबांना तीन आठवडे जड होते, आणि का जड होते ते कुणाला सांगता येत नव्हतं.

आबांची शाळा दुसरीत सुटली होती. अक्षरं ओळखीची होती, पण एकेकटी. चार-पाच एकत्र आली की त्यांचा जमाव व्हायचा आणि आबांना आत शिरता यायचं नाही. तरी घरात पंधरा वर्षं पेपर येत होता. वालूरहून सकाळच्या दुधाच्या गाडीबरोबर यायचा. आबा ओसरीवर बसून तो तासभर डोळ्यांपुढं धरायचे, मधूनमधून मान हलवायचे आणि घडी घालून उशाखाली ठेवायचे. गावात त्यांच्या शब्दाला जे वजन होतं त्यातलं बरंचसं त्या पेपराचं होतं. ज्ञानेश्वरी लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला दिसलं की मामा कालचाच पेपर आजही तितक्याच आवडीनं बघायलेत. तिनं हातातली चहाची कपबशी ठेवली, खाली बसली आणि म्हणाली, "मामा, मला मोठ्यानं वाचायची सवय हाय. तुमाला तरास न्हाई ना व्हायचा?"

"वाच," आबा म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी पहिल्या पानावरच्या मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या श्रद्धांजलीपर्यंत सगळं वाचून व्हायचं. हे त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. (गोजरबाईंना ठाऊक होतं. आबांच्या बायकोला सगळंच ठाऊक असायचं. पण चाळीस वर्षांच्या संसारात काय बोलायचं नाही ते त्यांना पाठ झालं होतं.)

तर भुजंगरावांचं सगळं ऐकून आबा म्हणाले, "बरं." हे पहिलं वाक्य. मग म्हणाले, "येळवस आमी पण करायलोत." हे दुसरं, आणि हे त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळलं. "पोरीला पाठवता यायचं न्हाई." हे तिसरं. "तुमीच या जेवायला." हे चौथं. इथं बटण दाबायला हवं होतं.

पण तिकडून भुजंगराव हसले. वालूरकडं येळवस? जमंल का तुमाला?

"एक वस्तू जरी कमी पडली," आबा म्हणाले, "तर आमच्या घरातलं एक माणूस संक्रांतीपर्यंत घेऊन जावा."

हे पाचवं.

फोन ठेवल्यावर गोजरबाईंनी विचारलं, येळवस म्हणजे काय असतं. आबा म्हणाले, "असतंय." त्यांनाही तेवढंच माहीत होतं.

आता खरं तर दहा पावलांवर चुलीपुढं ज्ञानेश्वरी बसली होती. जन्मापासून लग्नापर्यंत बावीस येळवशी खाल्लेली, त्यातल्या दहा-बाराला तरी हातभार लावलेली. पण आबा विचारणाऱ्यांतले नव्हते. घर बांधताना त्यांनी गवंड्यालाही विचारलं नव्हतं. (न्हाणीचं पाणी अजून देवघराकडं येतं.) आणि विचारायचंच असेल तर पुरुषमाणसानं पुरुषमाणसाला विचारावं, म्हणून त्यांनी रुमाल डोक्याला गुंडाळला आणि बांधापलीकडं भगवानरावांकडं गेले.

भगवानराव आबांचे बांधशेजारी आणि बरोबरीचे. वीज खात्यात तारा ओढायच्या कामाला होते आणि नोकरीची एकोणीस वर्षं उदगीरच्या भागात काढून निवृत्त झाले होते. घरासमोरच्या निळ्या झेंड्याखाली बाजेवर बसून ते शेंगा फोडत होते. शेजारी सरजाबाई, त्यांची बायको, तूर पाखडत होती. आबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की तुमी तिकडं होतात तवा येळवस बघितली असंल.

"बघितली?" भगवानराव म्हणाले. "एकोणीस खाल्ल्या, व्यंकटराव. एका दिवसात पाच-पाच रानात जेवलोय. खांबावर चढलेला असलो तरी खालून हाका मारायचे. उतरल्याबिगर सोडायचे न्हाईत. रस्त्यानं जाणारा उपाशी जाऊ द्यायचा न्हाई, असा कायदाच हाय तिकडं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाच पेंढ्यांची कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे. गव्हाची खीर. भज्जी, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे आणि रानातल्या झाडून सगळ्या भाज्या बेसनात शिजवलेल्या. आणि आंबील. आंबील म्हणताना भगवानरावांनी डोळे मिटले. ज्वारीचं पीठ आणि ताक, लसूण घातलेलं, मडक्यात मुरलेलं, गारेगार. प्यायली की माणूस जागच्या जागी झोपतो.

"करायची कशी?" आबांनी विचारलं.

"ते काय म्या बघितलं न्हाई. म्या बसायचो, पुढ्यात यायचं."

"किती दिवस मुरवायची?"

भगवानराव विचारात पडले. एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. मग त्यांनी हिशोब मांडला. पेंढ्या पाच. पांडव पाच. भाज्याही कमीत कमी पाच लागतात. "तर आंबील पण पाचच दिवस असंल," ते म्हणाले. आबांना हे एकदम पटलं.

सरजाबाईचं सूप थांबलं. एकोणीस वर्षं तीही तिकडंच होती, आणि भगवानराव रानोरान जेवत हिंडायचे तेव्हा शेजारणींच्या बरोबरीनं भज्जीत डाव घालायची. ती काहीतरी बोलणार होती. पण तिच्याकडं कुणी बघितलं नाही, आणि ती पुन्हा पाखडायला लागली.

भगवानरावांनी शेवटी एक गोष्ट सांगितली, ती आबांच्या मनात रुतून बसली. येळवशीला पदार्थ कुणी मोजत नाही, जेवणारी तोंडं बघतात. ज्याच्या रानात माणूस नाही त्याच्या येळवशीत राम नाही.

आबांनी घरी येऊन हुकूम सोडले. पीठ, ताक, मडकं. आंबील पाच दिवस आधी घालायची. ज्ञानेश्वरी दारात आली. "मामा, आंबील..." ती म्हणाली आणि गोजरबाईंनी तिच्या दंडाला हात लावला.

"काय?" आबा म्हणाले.

"काही न्हाई. ताक किती आणू म्हणते."

आंबील आबांनी स्वतः घातली. मडकं कोठीत ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठीक होतं. तिसऱ्या दिवशी फडकं मधोमध फुगलं. चौथ्या दिवशी कोठीत झोपणारी मांजर सामानसुमान असल्यासारखी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडं राहायला गेली. परमेश्वर बी-बियाण्याची पिशवी आणायला आत गेला आणि शिंकत बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "आबा, आत काय मेलंय का?" त्यानं विचारलं. आबा म्हणाले, मुरायलंय. या दोन-तीन दिवसांत ज्ञानेश्वरीच्या सरजाबाईकडं फेऱ्या फार वाढल्या होत्या. जाताना पदराखाली काहीतरी असायचं. आबांनी लक्ष दिलं नाही. त्यांचं लक्ष मडक्यावर होतं.

जेवायला माणसं मिळवणं सोपं असेल असं त्यांना वाटलं होतं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, पण अर्धं तर होतं. आदल्या दिवशी त्यांनी पारावर जाऊन सांगितलं, उद्या समद्यांनी आमच्या रानात यायचं. सगळे हो म्हणाले. अडचण अशी होती की आबांनी आजवर ज्याला ज्याला रानात बोलावलं त्याच्या हातात विळा दिला होता. आणि रानात तूर कापणीला आली होती, हे पारावरून दिसत होतं.

येळवशीच्या दिवशी सकाळी रानात सगळं मांडून झालं. खोप उभी राहिली, पाच दगड बसले. गोजरबाईंनी पूजा केली. भगवानराव तेवढा वेळ लिंबाखाली बसून राहिले. "पूजा तुमची, जेवण समद्यांचं," ते म्हणाले. टोपलंभर उंडे होते, घागरभर खीर होती, आणि भज्जीचं पातेलं इतकं मोठं होतं की ते उतरवायला परमेश्वर आणि भगवानराव दोघं लागले. गावातून मात्र कुणी आलं नाही. एक म्हातारा लांबून बांधावर दिसला. त्यानं तुरीकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि आल्या पावली परत गेला.

अकरा वाजले. भुजंगराव आपल्या रानातली पूजा पहाटेच उरकून निघाले होते. एकपर्यंत येणार, असा फोन आला होता. एक वाजता व्याही येणार आणि या एवढ्या अन्नाभोवती सहा माणसं आणि लिंबावरची एक मैना बघणार. आबांनी काठी घेतली आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

रस्ता सेलूचा. रहदारी बरी असते. आबांनी पहिल्या फटफटीला काठी आडवी केली. फटफटीवाल्यानं वेग वाढवला आणि काठीला वळसा घालून गेला. दुसरा लांबूनच "मागल्या गावात दिली" असं ओरडला. आबांना आधी कळेना. मग कळलं. आपल्याकडं रस्त्यात काठी घेऊन उभा राहणारा माणूस एकाच कामासाठी उभा असतो, ते म्हणजे वर्गणी. आबांनी काठी खाली ठेवली आणि नुसता हात केला. तेव्हा एक सायकलवाला उतरला आणि त्यानं हात जोडून सांगितलं की मंदिर बांधा, नक्की बांधा, पण माझ्याकडं आज काही नाही. आबा त्याला म्हणाले, जेवायला चल. सायकलवाला आणखीच घाबरला. फुकटात जेवू घालून नंतर पावती फाडणाऱ्यांबद्दल त्यानं ऐकलं होतं. तो निघून गेला.

बारा वाजले. आबांच्या डोळ्यांपुढं सकाळची ओसरी आली. पेपर आहे, चहा आहे, आणि वाचायला कुणी नाही. तीन आठवडे. तेवढ्यात वळणावर सेलूची काळीपिवळी जीप दिसली. आबा सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

जीप कचकन थांबली. आत अठरा माणसं होती. दोघं मागं लटकलेली, ती धरून वीस.

"कुठं जायचं बाबा?" चालवणाऱ्या पोरानं विचारलं. नागेश त्याचं नाव.

"कुठं न्हाई. तुमी खाली उतरा. जेवायचंय."

"कुणाचं तेरावं हाय?" आतून एका म्हातारीनं विचारलं.

"कुणाचं काही न्हाई. येळवस हाय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नागेशनं मात्र इंजिन बंद केलं आणि डोकं बाहेर काढलं. "येळवस?" तो म्हणाला. "इकडं? आंबील हाय का?"

"हाय. पाच दिवसांची."

"पाच?" नागेश जरा थांबला. मग म्हणाला, "असू द्या." तो लातूरकडचा, रेणापूरचा निघाला. बायकोच्या गावी येऊन राहिला होता आणि चार वर्षांत त्याच्या तोंडाला येळवस लागली नव्हती. त्यानं मागं वळून सांगितलं की गाडी गरम झालीय, तासभर लागेल, तोवर समद्यांनी जेवून घ्या. गाडीला काही झालं नव्हतं. झालं होतं ते नागेशला.

वीस माणसं उतरली. त्यात डोळे तपासायला निघालेली ती म्हातारी होती, दोन मास्तर होते, सोयरीक बघायला निघालेलं एक अख्खं घर होतं. सुरुवातीला ती अंग चोरून बसली. पण ज्ञानेश्वरीनं पदर खोचला आणि ती वाढायला लागली, आणि पहिल्या घासानंतर कुणी अंग चोरलं नाही. नागेशनं खोपीपुढं डोकं टेकवलं आणि मग अकरा उंडे खाल्ले. लोटेच्या लोटे आंबील गेली. सोयरिकीला निघालेला बाप म्हणाला की असं जेवण घालणारं घर मिळालं तर पोरीचं वयही विचारणार नाही. मास्तरांपैकी एकानं उभं राहून आभाराचे दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या शब्दावर बसला, आणि बसल्यावर आडवा झाला. बघता बघता लिंबाखाली, बांधावर, तुरीच्या सरीत, जिथं सावली मिळेल तिथं वीसच्या वीस माणसं घोरायला लागली.

एक वाजता भुजंगराव पिकअप गाडी घेऊन आले. खाली उतरले आणि बांधावर उभे राहिले. समोर माणसांचा नुसता सडा पडला होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले.

"आबा," ते म्हणाले, "आमच्याकडं पण इतके पडत न्हाईत."

आबांनी नुसती मान हलवली. पण छाती अशी काही भरून आली की बंडीचं वरचं बटण तुटलं. भुजंगराव जेवायला बसले. त्यांनी भज्जी चाखली, खीर चाखली, उंडा मोडून बघितला. शेवटी आंबिलीचा घोट घेतला, लेकीकडं बघितलं आणि "वा" म्हणाले. आबांना वाटलं, ही दाद आपल्या मडक्याला. काही कमी पडलं नव्हतं. पोरगी राहत होती. उद्याचा पेपर वाचून होणार होता.

यजमान शेवटी जेवतो. आबा शेवटी जेवले आणि मग खोपीमागं आपल्या मडक्याकडं गेले. मडकं काठोकाठ भरलेलं होतं. वीस माणसं, भुजंगराव, घरचे, सगळे प्यायले आणि मडकं भरलेलं. आबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी काळ्या आईला हात जोडले. असलं काही आपल्या हातून घडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. (सरजाबाईच्या घरून आलेलं दुसरं मडकं, दोन दिवसांचं, रीतसर मुरलेलं, पलीकडं पातेल्याआड रिकामं पडलं होतं. तिकडं त्यांनी बघितलं नाही.)

त्यांनी पोच पडलेला तांब्या घेतला. या तांब्याची एक गोष्ट आहे. आबांना झोपेतून उठवायचं नाही हा त्यांच्या घरातला सगळ्यात जुना कायदा. परमेश्वरनं लहानपणी एकदा उठवलं होतं, तेव्हा हा तांब्या भिंतीवर जाऊन आदळला होता. तेव्हापासून त्याला पोच होती आणि तेव्हापासून कुणी उठवलं नव्हतं.

पहिला तांब्या आबांनी डोळे मिटून घेतला, आणि ते बराच वेळ उघडेनात. कानातून वाफा निघाल्यासारखं झालं. पण आंबील आपल्या हातची होती, त्यामुळं वाईट असणं शक्य नव्हतं. दुसरा घेतला. तिसरा घेतला तेव्हा बांध थोडा तिरका झाल्यासारखा वाटला. बसावं म्हणून त्यांनी जागा बघितली. सावल्या सगळ्या माणसांनी भरल्या होत्या. भुजंगरावांच्या पिकअपमध्ये मागं कडबा अंथरला होता आणि वर घोंगडी होती. आबा म्हणाले, घटकाभर टेकतो.

जाग आली ती कोंबड्याच्या आरवण्यानं. आबांनी डोळे उघडले. डोक्यावर अनोळखी आढं होतं. अंगावर अनोळखी वाकळ होती. समोर भुजंगराव कडुलिंबाच्या काडीनं दात घासत होते.

"झोप झाली का?" भुजंगरावांनी विचारलं.

"हे कोणतं गाव?"

"आमचं."

भुजंगरावांनी मग सगळं सांगितलं. निघताना त्यांनी सहज विचारलं होतं, रानाला आंबील शिंपली का? घरच्या कर्त्या पुरुषानं मडकं घेऊन रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपत फिरायचं असतं, त्याशिवाय येळवस पुरी होत नाही. सगळ्यांनी भगवानरावांकडं बघितलं. भगवानराव म्हणाले, ते व्हायचं तवा म्या जेवत असायचो. (ज्ञानेश्वरीला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.) मग सगळ्यांनी कर्त्या पुरुषाकडं बघितलं. तो पिकअपमध्ये घोरत होता. उठवायची कुणाची छाती झाली नाही. परमेश्वर तर चार पावलं मागंच सरला. तेव्हा गोजरबाई पुढं आल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कमी पडलं. ह्यांचा शब्द हाय, एक माणूस घेऊन जावा. हे चढूनच बसलेत, उतरवता कशाला?"

"आन् ज्ञानू?" आबांनी विचारलं.

"तिला म्या चल म्हणलो. तर म्हणती, एका घरातून एकच माणूस ठरलंय."

आबांनी वाकळ बाजूला सारली. शब्द त्यांचाच होता. चहा आला. तेवढ्यात ओसरीवर माणसं जमायला लागली. भुजंगरावांचे दोन भाऊ, शेजारचे म्हातारे, असे बारा-तेरा जण येऊन भिंतीला टेकून बसले. भुजंगरावांनी पेपर आणून आबांच्या मांडीवर ठेवला.

"आमची ज्ञानू फोनवर सांगत असती," ते म्हणाले, "आमचे मामा रोज पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत काढतात, एक अक्षर सोडत न्हाईत. आमच्या गावात असं कुणी न्हाई. उलीसं मोठ्यानं वाचा, समदे ऐकायला आलेत."

आबांनी पेपराकडं बघितलं. अक्षरांचा जमाव होता. ते म्हणाले, जरा परसाकडं जाऊन येतो. गोठ्यामागं जाऊन त्यांनी बंडीतून फोन काढला. ज्ञानेश्वरीनं उचलला.

"परमेश्वरला गाडी घेऊन पाठव," आबा म्हणाले.

"आत्या नको म्हणायल्यात, मामा."

"बरं." आबांनी बटण दाबलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "इथं पेपर आलाय."

तिला पुढं काही सांगावं लागलं नाही. "आपलाच का?"

"आपलाच. समदे बसलेत."

"मंग फोन चालूच ठेवा. कानाजवळ रुमालात खोचा. म्या उलीसं उलीसं वाचते, तुमी म्हणत जावा."

आबा परत आले. रुमाल नीट खाली ओढला. पेपर उघडून गुडघ्यावर ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज मुळातच खणखणीत. पहिली बातमी झाली, दुसरी झाली. म्हातारे माना डोलवायला लागले. भुजंगरावांचा धाकटा भाऊ शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, चष्मा सुदीक लागत न्हाई. आणखी थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आबा पेपराकडं बघतही नाहीत, समोर गोठ्याकडं बघून वाचतात. तेव्हा तर ओसरीवर आदराची शांतता पसरली. आबा रंगात आले. कानात शब्द पडला की तोंडातून बाहेर, मधे विचाराला थारा नाही.

"मराठवाड्यात थंडीचा जोर वाढणार," आबा म्हणाले. "गहू आन् हरभऱ्याला दिलासा. शेतकऱ्यांनी सकाळच्या पारी पाणी द्यावं. आत्या म्हणायल्यात, संक्रांतीच्या आदी येऊ नका, घर लय शांत झालंय. आन् तुमची पाच दिवसांची आंबील म्हशीला घातली होती, म्हैस कालधरनं उठंना."

डोलणाऱ्या माना थांबल्या. भुजंगराव थोडे पुढं वाकले आणि पेपरात डोकावले.

"आबा," त्यांनी अदबीनं विचारलं, "हे कोणत्या पानावर आलंय?"

"आतल्या," आबा म्हणाले आणि पान उलटलं.